खात्रीचे शब्द

‘डेफिनिटली येतो’ असे सांगणाऱ्या स्नेह्यासाठी मी चहाचे आधण सहसा ठेवीत नाही. नुसते ‘बघतो’ म्हणणारा मात्र पुष्कळदा वेळेवर दारात हजर असतो. इंग्रजीतील निश्चयवाचक शब्दांची मोठी मौज आहे. दोन आणि दोन ‘सर्टनली’ चार होतात, असे कोणी म्हणत नाही. जेथे मन डळमळते, तेथेच ‘अ‍ॅब्सोल्यूटली’चा टेकू द्यावा लागतो.

पण प्रत्येक वेळी ही गोष्ट चहाच्या पेल्यावर भागत नाही. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्याने युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ वर्तविली. शर्मन केंट यांनी पुढे आपल्या सहकाऱ्यांनाच या शब्दांचा अर्थ विचारला, तेव्हा कोणी शंभरात २० म्हणाला, तर कोणी ८०! वाक्य एक, संमती साऱ्यांची आणि अर्थ मात्र ज्याचा त्याचा. अशा शब्दांना अंकांची जोड द्यावी, असा आग्रह केंट यांनी धरला. आज हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय अहवालांत ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे शंभरात निदान ९०, असे ठरूनच गेले आहे.

ज्यांच्या शब्दावर इतरांचे जीवित अवलंबून आहे, त्यांनी असेच मोजून बोलावे. तथापि वडिलांच्या आजारात डॉक्टर ‘प्रॉबॅब्ली’ म्हणाले, तेव्हा ‘शंभरात किती?’ असे विचारावेसे मला वाटले नाही. त्या एका संदिग्ध शब्दाच्या आधारावर सारे घर त्या रात्री झोपी गेले.