बिनभाड्याची बैठक

युरोपच्या दौऱ्यात शनिवार-रविवार भरलेले असतात आणि मधले वार रिकामे. सोमवार ते गुरुवार हॉटेलात बसलं की शनिवारची बिदागी तिथेच संपते. साथीदार म्हणून हे गणित मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. त्या रिकाम्या वारांनीच मला माणसं मिळून राहतात अशा वस्त्यांपर्यंत नेलं. आम्ही तिघं होतो: गायला ताई, पेटीवर माझा मित्र आणि तबल्यावर मी. एका संयोजकानं विचारलं, हांबुर्गहून बर्लिनला जाताना थोडी वाट वाकडी केलीत तर एक गाव लागतं. सगळे मिळून राहतात. पैसे फार मिळणार नाहीत, पण राहण्याजेवण्याची सोय होईल. जाल का? ताई म्हणाल्या, "अरे, जेवण गरम मिळणार असेल तर विचारतोस काय? कळव हो म्हणून."

त्या गावाचं नाव झीबेन लिंडेन. पूर्वीच्या पूर्व जर्मनीच्या हद्दीतल्या आल्टमार्क भागात ते १९९७ पासून उभं राहत गेलं. मुलाबाळांसह दीडशेच्या आसपास वस्ती. घरांचे सांगाडे लाकडी, भिंतींत पेंढ्याचे दाबलेले भारे आणि वर मातीचा गिलावा. त्यातलं २००५ मध्ये बांधलेलं एक घर तर तीन मजली आहे. आपल्याकडे मातीची भिंत म्हटलं की गरिबी आठवते आणि पैसा हातात आला की आपण ती आधी पाडतो. तिथे शिकल्यासवरलेल्या माणसांनी विचारपूर्वक, सरकारी परवानग्या मिळवून ती भिंत उभी केली आहे. शौचालयांत पाणी वापरत नाहीत, सगळ्याचं खत करतात.

त्या मातीची खरी किंमत मला तबल्यानं दाखवली. हिवाळ्यात तिकडच्या सभागृहांत हीटर सुरू झाला की हवा कोरडी पडते, पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, आवळते आणि तबला चढू लागतो. काळी चारला नेमका मिळवलेला तबला विलंबित ख्याल रंगात येईपर्यंत सुराच्या वर गेलेला असतो. मग ताईंच्या आलापीत जागा शोधायची आणि गजऱ्याला, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीला, खालून हातोडीचे हलके ठोके देत तो उतरवायचा, तेही कुणाच्या कानावर येऊ न देता. झीबेन लिंडेनच्या त्या खोलीत मात्र हातोडी संध्याकाळभर पिशवीतच राहिली. मैफल संपल्यावर मी हे बोलून दाखवलं. घरं बांधणाऱ्या एक सुतारबाई तिथे होत्या. त्यांनी मला भिंतीपाशी नेलं, तळहात टेकवायला लावला आणि समजावलं: हवेत ओल वाढली की माती ती पिते, हवा कोरडी पडली की परत सोडते. मग त्या तबल्याकडे वळल्या. पुडीवरच्या काळ्या शाईवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, हे कशाचं? मी सांगितलं, लोखंडाचा कीस आणि खळ. थरावर थर द्यायचे आणि प्रत्येक थर दगडानं घोटायचा. घोटून घोटून शाईला बारीक बारीक भेगा पडतात, त्यामुळेच ती कातड्याबरोबर मोकळी हलते आणि नाद सुटतो. त्या खाली वाकून कितीतरी वेळ त्या भेगा पाहत राहिल्या. मोठ्या सभागृहांतल्या कुणी मला हा प्रश्न कधी विचारलेला नाही.

पाहुणा असलात तरी तिथे कामाच्या तक्त्यावर नाव लिहावं लागतं. बोटं जपायची म्हणून मी सुरी नको म्हटलं, तर कुणी बाऊ न करता घेवड्याच्या शेंगांची टोपली समोर ठेवली. ताईंनी पोळ्या लाटायला घेतल्या आणि त्यांच्याभोवती मुलांचं कोंडाळं जमलं. शेंगा सोलताना शेजारी बसलेली माणसंच रात्री पुढ्यात ऐकायला होती. त्यांच्यासमोर वाजवताना हात वेगळा पडतो. कोण थकलंय, कुणाचं मूल आजारी आहे, हे आपल्याला ठाऊक असतं.

अशा सगळ्याच वस्त्यांत एक अडचण येते, ती सांगायला हवी. भारतातून आलेला वादक म्हणजे ध्यान लावून देणारा माणूस, असं तिथे पुष्कळजण धरून चालतात. डोळे मिटतात, आडवे होतात. मला ते आवडत नाही. आपलं संगीत जागं राहून ऐकायचं आहे, त्यात हिशेब आहे, समेची वाट पाहणं आहे. म्हणून आम्ही कार्यक्रमाआधी तीनतालाच्या टाळ्या आणि काल शिकवतो. सोळा मात्रा हातांनी मोजायला लागलेला माणूस आडवा होत नाही. ताईंनी द्रुत बंदिश धरली आणि तिसऱ्या-चौथ्या समेला अख्खी खोली एका श्वासात आली की मला धन्यता वाटते. ही माणसं रोज कुठल्या ना कुठल्या गोष्टीसाठी गोलात बसून एकमेकांचं ऐकतात. त्या सवयीमुळेच ती ताल लवकर धरतात, असं माझं मत झालं आहे.

पुढे बर्लिनला ऊफाफाब्रिकमध्ये वाजवलं. टेम्पलहोफ भागात ऊफा या फिल्म कंपनीचा प्रिंट काढण्याचा जुना कारखाना पडीक होता. १९७९ च्या जूनमध्ये तरुणांच्या एका गटानं तिथे शांतपणे मुक्काम ठोकला. आज तिथे बेकरी आहे, मुलांची सर्कस-शाळा आहे, छपरांवर गवत आणि सौर पॅनेल आहेत आणि वर्षभर कार्यक्रम चालतात.

कोपनहेगनच्या ख्रिस्तियानियाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्याविषयी ऐकलेलं बहुतेक गांजापुरतंच असतं. लष्करानं सोडलेल्या बराकींचा हा परिसर, सुमारे ३४ हेक्टरचा. १९७१ मध्ये लोक कुंपण ओलांडून आत शिरले आणि त्यांनी ते मुक्त नगर असल्याचं जाहीर केलं. हजाराच्या आसपास माणसं तिथे राहतात. आत मोटारी नाहीत. पुढच्या बाजूला मोठं खोकं असलेली, मुलं आणि सामान एकदमच वाहून नेणारी जी सायकल आज कोपनहेगनभर दिसते, ती इथल्याच लोहारशाळेत घडली. माझा तबला-डग्गा आणि पेटी अशाच एका सायकलीच्या खोक्यातून वेशीपासून आत आली.

सामायिक प्रश्नांवर तिथे मतदान घेत नाहीत. सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलत राहतात, मग त्याला महिने लागोत. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण १९७९ मध्ये हेरॉइननं माणसं मरू लागली, तेव्हा याच रहिवाशांनी एकजुटीनं हेरॉइन विकणाऱ्यांना वस्तीबाहेर काढलं आणि व्यसनात सापडलेल्यांपुढे उपचार घ्या नाही तर जा, असा पर्याय ठेवला. गांजाचा बाजार मात्र राहिला. तो टोळ्यांच्या हाती गेला, गोळीबार झाले, माणसं मेली. शेवटी २०२४ च्या एप्रिलमध्ये रहिवाशांनी स्वतःच, हा बाजार भरायचा त्या रस्त्यावरचे दगड उपटून काढले. स्वातंत्र्याच्या नावानं वसलेल्या गावानं आपल्याच गल्लीबद्दल असा निर्णय घ्यायचा, हे फार अवघड काम आहे. त्यांच्याविषयी मला आदर वाटतो तो यामुळे.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जमिनीची. डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जागा सरकारची ठरवली. त्यानंतर सरकारशी करार झाला, रहिवाशांनी एक न्यास काढला आणि सुमारे ७ कोटी ६० लाख क्रोनरना जागेचा मोठा भाग विकत घेतला. कर्ज काढलं, जोडीला जगभर 'लोकांचे शेअर' विकले. त्या शेअरवर ना लाभांश मिळतो ना मालकी. घर न्यासाचं असल्यामुळे ते कुणालाही बाजारात विकता येत नाही. आजूबाजूला कोपनहेगनमधल्या घरांच्या किमती आकाशाला भिडल्या आहेत. झीबेन लिंडेनची जमीनसुद्धा सहकारी संस्थेची आहे. म्हणजे ही गावं वेगळी दिसतात ती तिथल्या कपड्यांमुळे किंवा विचारांमुळे नव्हे. जागा बाजारातून बाहेर काढलेली आहे, हे त्यांचं खरं वेगळेपण. आणि म्हणूनच तिथे संगीताला खोली मिळते. साठ माणसांपुढे विलंबित ख्याल मांडायला शहरातलं सभागृह भाड्यानं घ्या, तिकिटाचे पैसे भाड्यातच जातात. मग संयोजक म्हणतो, काहीतरी फ्यूजन करा, लोक वाढतील. इथे भाड्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे ताईंनी तास तासभर एकच राग गायला आणि कुणीही घड्याळाकडे बोट दाखवलं नाही.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं फिंडहॉर्न या सगळ्या वस्त्यांत जुनं. १९६२ मध्ये तीन मोठी माणसं आणि तीन मुलं एका कॅरव्हॅनमध्ये राहायला आली, तिथून सुरुवात. व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपांची घरं तिथेच आहेत. वनस्पतींशी संवाद वगैरे त्यांच्या श्रद्धा मला पटत नाहीत. पण सकाळी गवताच्या छपराखालच्या छोट्या दगडी प्रार्थनाघरात ते कसलंही वाद्य न घेता, वेगवेगळ्या आवाजांत एकच ओळ पुन्हा पुन्हा गातात. मी तिथे बसलो होतो. कुणी कुणाच्या वर आवाज चढवत नव्हतं. तिथल्या वाईट बातम्या मला पुण्यात कळल्या. २०२१ मध्ये कुणीतरी आग लावली आणि सामुदायिक भोजनगृह आणि मुख्य ध्यानगृह जळलं. २०२३ मध्ये पैशाअभावी मूळ संस्थेनं आपले शिक्षणवर्ग थांबवले. माणसं अजून आहेत, आणि संस्थेच्या इमारती आपल्या हाती घेण्यासाठी ती झटली. अशी गावं आपोआप टिकत नाहीत.

तिथली माणसं मला विचारतात, तुमच्याकडे असं काही आहे का? मी आनंदवनाचं सांगतो. वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरोग्यांसह पडीक जमीन फोडून वसवलेलं गाव, आणि तिथल्याच रहिवाशांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद. समाजानं बाहेर काढलेल्यांनी मंचावर उभं राहून गायचं, हे ऐकताना त्या खोल्यांमध्ये शांतता पसरते. पुण्याच्या भारत गायन समाज या संगीतसंस्थेचंही सांगतो. भास्करबुवा बखल्यांनी ती १९११ मध्ये काढली. पैसेवाल्याच्या दिवाणखान्यातून गाणं बाहेर आणून सामान्य माणसाच्या हाती द्यायचं, तर त्याला हक्काची जागा लागते, हे आपल्या लोकांनी केव्हाच ओळखलं होतं.

पेटीवरचा मित्र या वस्त्यांवर खूश नाही. त्याचं म्हणणं, इथल्यासारखे टोपी फिरवून जमलेले पैसे कलावंतानं घेऊ नयेत, आपल्या पिढ्यांनी मानधनासाठी भांडून जे मिळवलं ते यात जातं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि विमानाचं तिकीट टोपीतून निघत नाही हेही खरं. तरुण वादक मला पत्ते मागतात तेव्हा मी हे आधी सांगतो: दौऱ्याचा कणा शहरांतल्या ठरलेल्या मानधनावर उभा करा, व्हिसाची कागदपत्रं त्यावरच करा, आणि मधले वार या गावांना द्या. दुपारच्या जेवणाआधी पोहोचा. माइक मागू नका, खोलीचा आवाज आधी ऐका. काम सांगतील ते करा. आणि लहान मुलांना तबल्याला हात लावू द्या, फक्त आधी त्यांचे हात कोरडे आहेत ना ते बघा.