नांदगिरीच्या पायथ्याशी

कोरेगाव म्हटले की पुष्कळांस भीमेकाठचे कोरेगाव आठवते. आमचे कोरेगाव ते नव्हे. सातारच्या पूर्वेस जरंडेश्वराच्या डोंगरापलीकडे तीळगंगेच्या काठी तालुक्याचे जे गाव आहे, ते हे. या तालुक्याच्या उत्तर अंगास नांदगिरीचा डोंगर उभा आहे. त्याच्या माथ्यावर कल्याणगड, आणि पायथ्याच्या वाड्यावस्त्यांत आमचे खेडे. तेथे माझे आजोबा जन्मले आणि तेथेच वारले.

आम्ही मुले पुण्याची. सुटी लागली की मिरजेकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीत आमची रवानगी होई. लोणंद सुटून साल्पे ते आदर्की हा घाट लागला, म्हणजे गाडी अशा वळशांनी चढे की मागच्या डब्यातून आपल्याच गाडीचे इंजिन दिसे. सातारारोडला उतरावे, तो बाहेर बैलगाडी उभी असावयाचीच. गाडी आमच्या कुळाची. त्या वृद्ध गृहस्थास आम्ही मुले ‘आबा’ म्हणत असू. किन्हई जवळ आली, की साखरगडावरच्या यमाईस ते गाडीतूनच हात जोडीत आणि आम्हांसही जोडावयास लावीत.

आजोबा गावचे कुळकर्णी. कुळकर्ण्याच्या लेखणीविषयी खेडोपाडी काय बोलले जाई ते सर्वश्रुत आहे, आणि ते सगळेच खोटे होते असे मी म्हणणार नाही. परंतु या एका माणसाने चाळीस वर्षे मोडीत दप्तर लिहिले आणि त्यात नसलेले कधी घातले नाही, एवढे गाव सांगे. १९५१ साली कुळकर्णी वतने नाहीशी झाली. आजोबांनी रुमाल बांधून दप्तर नव्या तलाठ्याच्या स्वाधीन केले. बोरू मात्र देवघरातील कोनाड्यात तसेच राहिले.

दर शनिवारी ते गडावर जात. पहाटे स्नान करून निघावे, ऊन तापण्यापूर्वी परतावे, हा क्रम. माथ्यावर मारुतीचे देऊळ आहे. पण आम्हां मुलांचे आकर्षण निराळे होते. पहिल्या दरवाज्यानंतर एक वाट डोंगराच्या पोटातील गुहेकडे जाते. आत काळोख आणि थंडगार पाणी. हातातला कंदील उंच धरून आजोबा पुढे होत; आमच्या कंबरेइतक्या पाण्यातून आम्ही त्यांच्या धोतराचा सोगा धरून मागे. अगदी शेवटास पार्श्वनाथाची नागफणांची मूर्ती, आणि तेथेच दत्तात्रेय. आजोबा दोघांपुढेही निरांजन लावीत. “पार्श्वनाथ तर जैनांचा ना?” असे एकदा मी विचारले. “पाणी कोणाचे ते विचारून प्यालास काय?” असे म्हणून ते परत फिरले. किल्ला शिलाहारांच्या काळचा मानतात. शिवछत्रपतींचा इतिहास शाळेत शिकलेल्या आम्हांस त्या गुहेमुळे प्रथमच समजले, की गडाला त्याहूनही जुनी आठवण असते.

आता १९५६ च्या दिवाळीची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यासाठीच हे सर्व लिहीत आहे.

त्या वर्षी वडील आमच्याबरोबर गावी आले, ते एका कामासाठी. कूळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानले जाणार होते. मालकास जमीन स्वतः कसण्यासाठी हवी असेल, तर त्याने ३१ डिसेंबर १९५६ च्या आत कुळास नोटीस द्यावी आणि मार्चअखेर मामलेदाराकडे अर्ज करावा, अशी सवलत होती. तशातही कुळाकडे निदान अर्धी जमीन ठेवावी लागेच. म्हणजे आम्हांस मिळाली तर फार तर अर्धी. वडील शिक्षक होते, पगार बेताचा, धाकट्या आत्याचे लग्न व्हावयाचे. त्यांनी नोटिशीचा मसुदा पुण्याहूनच लिहून आणला होता.

रात्री ओटीवर बोलणे निघाले. मी आत अंथरुणावर जागा होतो.

“नांगर कोण धरणार?” आजोबांनी विचारले.

“नांगर धरावयास हवा असे कोठे आहे? गडी लावून आपल्या देखरेखीखाली कसली, तरी कायद्याने ती स्वतःच कसली म्हणतात.”

“मला बहात्तरावे चालू आहे. माझ्यामागे देखरेख पुण्याहून करणार काय?”

वडील काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सगळेच तसे लिहून देत आहेत, अण्णा.”

“देत असतील. मला लिहवत नाही.”

पुढे बोलणे झाले नाही. मसुदा वडिलांनी पिशवीत परत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच निघून गेले. आबांची गाडी जुंपलेली असूनही स्टेशनापर्यंत पायी गेले.

किंमत ठरविण्यासाठी कोरेगावास सुनावणी झाली, तेव्हा आजोबा आणि आबा एकाच बैलगाडीतून गेले, एकाच शिदोरीतून जेवले आणि परत आले. आकाराच्या पटीत जी रक्कम ठरली ती हप्त्यांनी यावयाची होती, आणि ती आली. १९६१ साली आजोबा गेले. नंतरचे हप्ते मनिऑर्डरीने वडिलांच्या नावे येत. त्यांबरोबर दर कार्तिकात एक पोते घेवडाही येई. तांबड्या पट्ट्यांचा हा घेवडा आमच्या तालुक्याचे खास पीक. पावसाळ्याच्या तोंडास पेरावा, अडीच महिन्यांत काढावा, आणि त्याच रानात शाळू टाकावा. वाघासारख्या पट्ट्यांवरून त्यास वाघ्या घेवडा म्हणतात, आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वडिलांनी मात्र तो कधी खाल्ला नाही. आई घरात शिजवी. ते त्या दिवशी ताक-भात मागून घेत. आत्याच्या लग्नासाठी त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले कर्ज फिटावयास नऊ वर्षे लागली. वडिलांस मी लोभी म्हणू शकत नाही. अब्रूने वागण्याचा खर्च घरातील कोणास तरी सोसावा लागतो, आणि तो बहुधा अब्रू मिळविणाऱ्याहून निराळा असतो.

गेल्या कार्तिकात नातीस घेऊन मोटारीने गावी गेलो. घराचे नुसते जोते उरले आहे. त्यावर रुई वाढली आहे. आबांचे नातू माझ्याच वयाचे. बांधावर बाज टाकून आम्ही दोघे बसलो, कारण गड चढणे आता दोघांसही शक्य नाही. नात आणि त्यांचा पणतू वर गेले. शाळू गुडघाभर झाला होता. त्या रानाकडे पाहताना मला हेवा वाटला नाही असे लिहिले, तर आजोबांच्या दप्तरात ते खपणार नाही.

दोन प्रहरी मुले खाली आली. नातीचे कपडे कंबरेपर्यंत भिजलेले. “आजोबा, आत दोन्ही मूर्तींपुढं ताजी निरांजनं होती. कोण लावतं?”

“शनवारी आमचं कुनीतरी जातं,” आबांचे नातू म्हणाले. “अण्णांनी आज्याला सांगितल्यालं.”

निघताना त्यांनी मोटारीत घेवड्याचे पोते ठेवलेच. पुण्यास आल्यावर मी तो चार घरांत वाटला. आत्याच्या मुलीकडेही दोन शेर पाठविला. रात्री तिचा फोन आला. घेवडा आदल्या रात्री भिजत घालावयाचा की सकाळी, असे ती विचारीत होती.