दुसरीचा घेर

उत्तरेकडील पंचांगात जी चैत्र कृष्ण नवमी, तीच आपल्याकडील फाल्गुन वद्य नवमी. दिगंबर परंपरेनुसार भगवान ऋषभदेवांचे जन्म आणि दीक्षा ही दोन्ही कल्याणके याच तिथीला येतात. यवतमाळ जिल्ह्यात त्या सुमारास कापसाचा हंगाम सरत आलेला असतो, दुपारचे ऊन डोक्यात शिरू लागते आणि मुले वार्षिक परीक्षेच्या धास्तीत असतात. तरीही दारव्हा-दिग्रस बाजूच्या एका बाजारगावात पाठशाळेच्या मुलींनी त्या वर्षी नीलांजनेचे नृत्य बसवायचे ठरवले, आणि पोशाखाचे काम ओघानेच मामींकडे आले.

मामी कोणाच्या मामी, हे आता गावात कोणी विचारीत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हा पायाने चालवायच्या एका शिलाई मशीनवर त्यांनी घर चालवले. मुले मार्गी लागली. मशीन मात्र खिडकीपाशी आहे तेथेच राहिले. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा, त्यामुळे नवरात्राच्या आधी महिनाभर घागऱ्यांचे घेर शिवून शिवून मामींचा हात इतका बसला होता की टेप न लावताही मुलीची कंबर त्या अर्ध्या इंचाच्या फरकाने सांगत. पाठशाळेच्या कामाची शिलाई मात्र त्यांनी कधी घेतली नाही.

नीलांजनेची कथा आपल्या घरांत अनेकांना ठाऊक आहे, पण तिच्यातील एक बारकावा सहसा निसटतो. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात आचार्य जिनसेनांनी रचलेल्या आदिपुराणात हा प्रसंग येतो. ऋषभदेवांच्या 84 लाख पूर्वांच्या आयुष्यातील 83 लाख पूर्वे सरली, तरी ते सिंहासनावरच होते. इंद्राला चिंता पडली. ज्या अप्सरेचे आयुष्य संपत आले होते, त्या नीलांजनेला त्याने राजसभेत नृत्यासाठी उभे केले. नाचता नाचता तिचे आयुष्य सरले आणि ती दिसेनाशी झाली. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने त्याच क्षणी तिच्यासारखीच दुसरी नर्तकी उभी केली. ताल चुकला नाही, सभेला काही कळले नाही. कळले ते एकट्या ऋषभदेवांना, आणि तेथून त्यांच्या वैराग्याला आरंभ झाला. मथुरेच्या कंकाळी टिळ्यावर सापडलेल्या आणि आता लखनौच्या राज्य संग्रहालयात असलेल्या एका प्राचीन शिलापटावर हाच प्रसंग कोरलेला आहे, असे अभ्यासक मानतात. पंचकल्याणक महोत्सवात दीक्षा कल्याणकाच्या दिवशी तो आजही रंगमंचावर दाखवतात.

बारकावा हा, की कथा सांगताना नीलांजनेचे नाव सगळे घेतात, दुसरीचे कोणी घेत नाही. तरीही सगळा प्रसंग तिच्यावर तोललेला आहे. ती पहिलीपेक्षा किंचितही वेगळी दिसली, तर सभेला कळेल आणि इंद्राचा बेत फसेल. रंगमंचावर हे साधायचे असेल, तर दोन मुली लागतात, उंचीला सारख्या. आणि दोन पोशाख लागतात, टाक्याला टाका सारखे.

नृत्य बसवणाऱ्या ताई भरतनाट्यम शिकलेल्या होत्या. त्या नृत्याचा आजचा शिवलेला पोशाख, पायजम्यावर पुढे उलगडणारा चुण्यांचा पंखा, फार जुना नाही. 1930 च्या दशकात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मंदिरांतील शिल्पे पाहून पोशाखाची जी नवी घडण केली, तिच्यापासून तो रूढ होत गेला. पाठशाळेला एवढी उठाठेव परवडणारी नव्हती. ताईंनी सांगितले, साधा सुती पायजमा शिवा आणि त्यावर अर्धा घेर जोडा. पाठ आणि दोन्ही बाजू झाकल्या जातील, पुढून मोकळे राहील, म्हणजे गुडघे वाकवून बसलेली मुद्रा आणि पावले दिसतील. घेर वेगळा नाडीने बांधायचा नाही. गिरक्या घेताना तो कमरेभोवती सरकतो आणि पाठीचा भाग पोटावर येतो. शिवाय नीलांजना शेवटी कोसळते. पडलेल्या मुलीचे कपडे सावरायला तेथे कोणी धावत येऊ शकत नाही, तेव्हा खाली पायजमा हवा आणि घेर त्यालाच पक्का शिवलेला हवा.

नीलांजना होणार होती ती गावातील मोठ्या कापड व्यापाऱ्याची मुलगी. दुसरी होती ती एका दुकानात हिशेब लिहिणाऱ्या सद्गृहस्थांची. दोघी एकाच वर्गात, उंचीला बोटभराचाही फरक नाही. पण तालमी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ही दुसरी आली नाही. पाचव्या दिवशी तिची आई मामींच्या दारात उभी राहिली आणि ‘जय जिनेंद्र’ म्हणून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मामी, पोशाखाचे किती पडतील ते आधी सांगा. नाहीतर परीक्षेचे निमित्त सांगून तिला काढून घेते. उगाच शेवटी अडचण नको.”

आपल्या समाजात दान उदंड आहे. बोलीत आकडे चढतात तेव्हा ऐकणाऱ्याची छाती फुगते. पण पोशाखाच्या रकमेपायी आपल्याच एका घरातील मुलगी परीक्षेचे निमित्त शोधते, हे कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. मामींनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, “पाठशाळेचा खर्च आहे. तुझा संबंध काय? उद्या मापाला पाठव.”

त्याच संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या घरून एक डबा आला. आत कांजीवरम रेशमाचा, जरीच्या काठाचा तुकडा. निरोप असा, की आमच्या मुलीचा घेर याचा करावा, खर्चाची चिंता करू नये. मामींनी दुसऱ्या दिवशी डबा परत नेऊन दिला. त्या स्वतः रेशीम वापरीत नाहीत. कोशातील किडा जिवंत असतानाच कोश उष्णतेत घालतात, कारण किडा बाहेर पडला तर सलग धागा तुटतो. एका साडीला असे हजारो कोश लागतात. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी किडा उडून गेल्यावर उरलेल्या कोशांपासून ‘अहिंसा रेशीम’ काढण्याचा मार्ग दाखवला आहे, पण दुकानातले सामान्य रेशीम ते नव्हे. व्यापाऱ्यांच्या पत्नीला हे पटले, निदान पाठशाळेच्या मंचावर तरी रेशीम नको एवढे पटले. त्या म्हणाल्या, “मग दुकानातून हवे ते कापड घ्या.” दुसरा मुद्दा मामींनी तेथे काढला नाही. दोघींना एकच कापड लागणार होते, हे कापडाच्या घरात सांगावे कशाला?

दुकानात कृत्रिम रेशमाचा आंबा रंगाचा एक तागा संपत आला होता. लाकडाच्या लगद्यापासून निघणारा हा धागा; चमक रेशमाची, हिंसा नाही. शिल्लक भरली बरोबर अडीच मीटर. त्याच रंगाचा दुसरा तागा होता, पण रंगाईचा लॉट वेगळा. दिव्याखाली दोन्ही शेजारी धरले, तर एक पिकलेला आंबा आणि एक पाडाचा. नोकराने सुचवले, एक घेर याचा करा, एक त्याचा. मामींनी अडीच मीटरच बांधून घेतले.

घरी येऊन त्यांनी फरशीवर खडूने आकडे मांडले. कमरेचा 16 इंच भाग घेराने झाकायचा. अर्धवर्तुळाने 16 इंच मिळवायचे, तर आतली त्रिज्या सव्वापाच इंचांच्या आत येते. त्यात गुडघ्याखाली येणारी 20 इंच लांबी आणि दुमडीचा एक इंच मिळवला की त्रिज्या 26 इंच. म्हणजे एका घेराला 52 इंच कापड, दोहोंना 104. अडीच मीटर म्हणजे 98 इंच. सहा इंच कमी. लांबी कमी केली तर भागत होते, पण गिरकीत घेर वर उचलला जातो, आणि ताईंनी गुडघ्याखालचे माप मुद्दाम सांगितले होते. पन्हा 44 इंचांचा, म्हणून बाजूला 18 इंच रुंदीची पट्टी मात्र उरत होती. जोड घालायला कापड मुबलक होते. प्रश्न एवढाच, की जोड कोणत्या घेराला घालायचा.

कोणत्याही शिंप्याला विचारा, तो सांगेल: एक घेर अखंड काढा आणि सहा इंचांचा जोड दुसऱ्याला द्या. त्यात काम कमी, आणि एक पोशाख तरी निर्दोष होतो. त्या दिवशी मापाच्या निमित्ताने व्यापाऱ्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांनीही खडूच्या रेषा पाहून तेच सांगितले. “मामी, जोडाचा घेर दुसरीला द्या. ती शेवटी दोन मिनिटे तर येते.”

त्यात दुष्टावा नव्हता. दुकानदारीत कटपीसचा हिशेब असाच लागतो. मामींनी कात्री खाली ठेवली आणि हसून म्हणाल्या, “वहिनी, दोघींत फरक दिसला तर इंद्राची फजिती होईल. त्याची अब्रू आपल्या हातात आहे.” आणि मग दोन्ही घेर त्यांनी प्रत्येकी तीन-तीन इंच कमी कापले. डाव्या कडेच्या खालच्या टोकाला, दोन्हींत एकाच जागी, 12 इंच उंचीचा तिकोनी तुकडा जोडला. धाग्याची दिशाही जुळवून घेतली, नाहीतर चमक उलटी पडते. काम दुप्पट झाले.

अर्धवर्तुळाच्या घेराची एक खोड असते. कापडाचा तिरपा भाग स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि कड लाटेसारखी खालीवर होते. म्हणून तळाची दुमड लगेच घालीत नाहीत. मामींनी दोन्ही घेर एकाच दांडीवर दोन रात्री टांगून ठेवले आणि तिसऱ्या सकाळी जमिनीपासून माप घेऊन वाढलेले कापड छाटले. प्रत्येक कडेला जवळपास दोन मीटर लेस लागली. मग घेराच्या वरच्या कडेला पट्टी लावून तो पायजम्याच्या नेफ्याखाली धावदोऱ्याने बसवला, पाठीचा मध्य आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी खुणांनी जुळवल्या आणि मगच टीप मारली. नेफा मोकळा ठेवला, म्हणजे नाडी ओढता येते. टीप नेफ्यातून गेली की नाडी अडकते आणि ऐन वेळी मुलीच्या डोळ्यांत पाणी येते. ही चूक नवशिके हमखास करतात.

रंगीत तालमीत नीलांजना कोसळली आणि घेराचे एक टोक कमरेपाशी इंचभर उसवले. सगळा ताण त्या दोन टोकांवरच येतो. मामींनी ते सोडवून आतून जाड कापडाची बोटभर चौकट घातली आणि उलटसुलट टाके घेतले. नंतर न उसवलेला दुसरा पायजमाही मागवून घेतला आणि त्याच्याही दोन्ही टोकांना तेच केले.

व्यापाऱ्यांनी दोन्ही पोशाखांचा खर्च देण्याची आणि मंचावरून नाव पुकारण्याची इच्छा कळवली. मामींनी कार्यवाहांना एवढेच सुचवले, की रक्कम अवश्य घ्या, पण पाठशाळेच्या खात्यावर जमा करा आणि खर्च ‘दोन घेर’ असा एकाच ओळीत लिहा. पुकारायचेच असेल तर पाठशाळेला देणगी म्हणून पुकारा. तसेच झाले. खर्चाच्या बाजूला मुलींची नावे आली नाहीत.

नवमीच्या रात्री मंदिरासमोरच्या मांडवात जागा उरली नव्हती. नीलांजना गिरक्या घेत मध्यभागी आली, आंबा रंगाचा घेर पाठीमागून पंख्यासारखा उघडला, आणि दिवे गेले. चार मात्रा अंधार. तबला थांबला नाही. दिवे आले तेव्हा गिरकी तशीच चालू होती. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण बऱ्याच लोकांना काही घडले हेच कळले नव्हते. इंद्राचा मुकुट मात्र धावपळीत एका कानावर आला होता, तो तेवढा मुलांना दिसला. ऋषभदेव झालेला मुलगा सिंहासनावरून हळूहळू उठला, तेव्हा कुठे मांडवात कुजबुज सुरू झाली.

दुसऱ्या रांगेत व्यापाऱ्यांच्या पत्नी मोबाइल उंच धरून आपल्या मुलीचे चित्रण करीत होत्या. दिवे आल्यावरही त्या बराच वेळ ते करीत राहिल्या. मग पडद्याच्या कडेला त्यांना स्वतःची मुलगी दिसली, घाम पुसत उभी असलेली. मोबाइल त्यांनी खाली घेतला नाही. मंचावरची मुलगी नमस्कार करून आत जाईपर्यंत त्या तिचेच चित्रण करीत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्या आईला पाठवले.

पोशाख परत घेताना दोन्ही घेर एकात एक गुंतले होते. कोणता कोणाचा, हे मुलींनाही सांगता येईना. डाव्या कडेचा जोड दोन्हींना, आतली चौकट दोन्हींना. मामींनी ते सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवले आणि कडुनिंबाचा पाला घालून पाठशाळेच्या पेटीत ठेवले. पायजम्याच्या बाजूच्या शिवणीत त्यांनी दीड-दीड इंच कापड आत दाबून ठेवले आहे. पुढच्या वर्षी मुली वाढतील.