मुळशीचं पाणी कुठं जातं

आमच्या घरी दर वर्षी दिवाळीनंतर आंबेमोहोर घेऊन एक मावशी येतात. पौडच्या बऱ्याच पुढून एसटीने येतात, पायलीने तांदूळ मोजून देतात, चहा घेतात आणि दुपारच्या गाडीने परततात. गेल्या खेपेला त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. चित्रात हिरवे डोंगर होते आणि मधे निळं पाणी. त्या म्हणाल्या, "ह्यात आमचं गाव हाय." मी विचारलं, "काठावर का?" त्यांनी कप खाली ठेवला. "काठावर न्हाई ताई. ह्यात. पान्यात. आमची आजेसासू डोक्यावर जातं घिऊन डोंगर चढली व्हती, तवा वरलं गाव झालं."

कॉलेजात असल्यापासून मी मुळशीला जाते आहे. त्या काठावर कणसं खाल्ली, गाणी म्हटली, फोटो काढले. ते पाणी कोणाच्या घरावर उभं आहे, हा प्रश्न तीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता. जातं डोक्यावर घेतलेली ती बाई मात्र मनातून जाईना. म्हणून या जुलैत पुन्हा निघाले. सोबत एक वकील मैत्रीण, तिचा नवरा आणि वीजक्षेत्रात उभी नोकरी करून निवृत्त झालेला आमचा इंजिनिअर मित्र. गाडी त्याची, त्यामुळे वाटेतल्या वादाचा पहिला हक्कही त्याचाच.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट हा रस्ता आता शहरातच जमा आहे. भाताच्या खाचरांमधून 'एन. ए. प्लॉट'चे फलक उगवले आहेत. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आला आणि जमीन विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याच्या पोरांची गोष्ट महाराष्ट्रभर पोहोचली. हिंजवडीचं आयटी पार्कही याच तालुक्यातलं. पण या तालुक्यातून जमीन जाण्याची ही पहिली वेळ नाही. पहिली वेळ शंभर वर्षांपूर्वीची, आणि तेव्हा इथल्या माणसांनी जमीन विकली नव्हती. ती द्यायलाच नकार दिला होता.

तालुक्याला नाव मुळशीचं आणि कचेरी पौडला. त्या काळी मुळशी हा पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटविभाग होता. नीला आणि मुळा या नद्यांचं ते खोरं, बारा मावळांच्या मुलखातलं. भात पिकवणारी, सह्याद्रीच्या कुशीत दडलेली पन्नासहून जास्त गावं. आज मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे. ज्या खाचरांनी हे नाव कमावलं, त्यांतली कितीतरी तळाशी आहेत.

माले ओलांडलं आणि पाणी दिसू लागलं. 'दिसू लागलं' म्हणायचं एवढंच, कारण ढग काठावर टेकले होते. वायपर पूर्ण वेगात फिरत होते तरी काच दोन सेकंदही स्वच्छ राहत नव्हती. मित्राने गाडी कडेला घेतली. खाली एका खाचरात आवणी चालली होती. सात-आठ बायका कमरेत वाकून ओळीने मागे सरकत होत्या. डोक्यावरून पाठीपर्यंत प्लास्टिकचे कागद घेतलेले, फक्त एकीच्या अंगावर पानांनी शाकारलेलं जुनं इरलं. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुटत आणि अंगठ्याने चिखलात रोवल्या जात. तो अंगठा किती खोल जातो ते मी बराच वेळ पाहत राहिले. पेरभर, त्याहून जास्त नाही. खाचराचा बांध संपला की दहा पावलांवर तलावाचं पाणी होतं. जे आहे ते इतकंच उरलं आहे, हे मला तिथे कळलं.

हा तलाव टाटांच्या धरणाचा. त्यांच्या वीजप्रकल्पांची गोष्ट आपण शाळेत अभिमानाने वाचली, आणि त्यात अभिमान वाटण्यासारखं आहेच. जमशेटजींनी पाहिलेलं स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर दोराबजींनी तडीला नेलं. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत पोहोचली, १९२२ साली भिवपुरीची, १९२७ साली भिऱ्याची. भिऱ्याची वीज म्हणजेच मुळशीचं पाणी. "गिरण्यांची धुराडी कोळसा जाळत होती, कोळसा लांबून यायचा. त्या काळात ही स्वच्छ वीज होती. तू असतीस तर काय केलं असतंस?" इंजिनिअर मित्राचा हा प्रश्न खरा आहे, त्याला टाळता येत नाही. माझं उत्तर मी त्याला दिलं: आधी विचारलं असतं. १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता आणि सरकार पाठीशी होतं, त्यामुळे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. जमीनमालकाची परवानगी न घेता चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली, तिथेच ठिणगी पडली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. गांधीजींनी आशीर्वाद दिला, 'केसरी'ने बाजू घेतली, पुण्याचे विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरले. काही महिने काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं आणि धरपकडही सुरू झाली. तुरुंगात गेलेल्यांत बायकाही होत्या. येरवड्याच्या तुरुंगात मुळशीच्या कैद्यांनी काम करायला नकार दिला, तेव्हा त्यांना फटके मारले गेले. गांधीजी त्या वेळी त्याच तुरुंगात होते. त्यांनी या कैद्यांना भेटू द्या म्हणून अधिकाऱ्यांकडे आग्रह धरला, आणि आपल्या तुरुंगातल्या अनुभवांत हे सारं लिहून ठेवलं.

आणि पांडुरंग महादेव बापट. पारनेरचा हा माणूस मुळात इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेला होता. पॅरिसमध्ये बाँबची कृती मिळवून ती हिंदुस्थानात आणणारा, परतल्यावर गावचे रस्ते झाडणारा. मुळशीने त्यांना 'सेनापती' केलं. त्यांचा 'शुद्ध सत्याग्रह' गांधीजींच्या व्याख्येत बसणारा नव्हता. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली, त्यात शस्त्र वापरलं, आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. ते सुटून आले १९३१ साली. तोवर खोरं भरलं होतं.

मुंबईत माहीमपासून लोअर परळपर्यंत रुळांना लागून जो रस्ता जातो, त्याला आज सेनापती बापट मार्ग म्हणतात. त्याच्या कडेला गिरण्या होत्या. या पाण्यातली वीज गिरण्यांसाठी होती. मैत्रिणीचा नवरा परळचा, त्या रस्त्याने वीस वर्षं कामावर गेलेला. तो गाडीत गप्प झाला तो बराच वेळ गप्पच राहिला.

मुक्कामाचं सांगते, कारण ते लिहिलं नाही तर खोटं होईल. तलाव दिसणारी खोली म्हणून दुप्पट पैसे घेतले. खिडकीबाहेर जनरेटरची शेड होती. चादरी दमट, भिंतीला बुरशी आणि रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर. तक्रार केली तर व्यवस्थापक म्हणाला, "मॅडम, लोक इथे एन्जॉय करायलाच येतात." याची खरोखर चीड आली. ज्या काठावर माणसं जमिनीसाठी बसली, तिथे तलावाचा इतिहास सांगणारा एक कागदही त्या खोलीत नसावा? बोटिंगच्या दरांचं पत्रक मात्र होतं.

त्या रात्री झोप नव्हतीच, तेव्हा वकील मैत्रिणीशी राजेंद्र व्होरांवरून वाद झाला. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या व्होरांनी मुळशी सत्याग्रहावर मराठीत आणि पुढे इंग्रजीत जे काम केलं, त्याच्याशिवाय ही लढाई आज कोणाला नीट कळलीच नसती. इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्यांनी याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. मैत्रीण म्हणाली, "पहिलं कसं? कॅलिफोर्नियातलं हेच हेची?" बरोबर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी ती दरी बुडवू नका म्हणून जॉन म्यूर वर्षानुवर्षं लढले आणि १९१३ साली हरले. पण तिथे दरीवर प्रेम करणारी माणसं लढत होती. इथे ज्यांची चूल बुडणार होती, ती माणसं लढत होती. त्या अर्थाने व्होरांचा शब्द मला मान्य आहे.

त्यांचं दुसरं म्हणणं जास्त बोचतं. खोऱ्यातली बरीच जमीन सावकारांकडे अडकलेली होती, मोबदल्याची भाषा सुरू झाल्यावर त्यांचं आणि कुळाचं हित वेगळं झालं, आणि पुण्याच्या पुढाऱ्यांतही फूट पडली. हे खरं आहे, आणि पुणेकर म्हणून ते मान खाली घालून ऐकायला हवं. तरी मला वाटतं, हरण्याची कारणं शोधताना लढण्याचं कारण मागे पडतं. ज्याच्या सातबाऱ्यावर सावकार बसला होता, तो कुणबीही रामनवमीला जाऊन बसला. मोबदला त्याला मिळणारच नव्हता. मग तो कशासाठी बसला? मैत्रीण म्हणाली, "कसण्याचा हक्क." मला हा शब्द पुरेसा वाटतो.

दुसऱ्या दिवशी अंधारबनाच्या जंगलात चालायचं आणि देवकुंडचा धबधबा पाहायचा, असं ठरवून आलो होतो. दोन्ही सोडलं. ताम्हिणी घाटातला पाऊस थट्टेचा नाही. २५ जुलै २०२४ ला इथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास. घाटात धबधब्यांखाली गर्दी होती, आम्ही थांबलो नाही. कुणालाच बोलावंसं वाटत नव्हतं. कातळावरून पाणी सरळ रस्त्यावर येत होतं आणि गाडी त्यातून हळूहळू उतरत होती. विळ्याला डोंगर मागे पडले, तेव्हा पाटणूसकडे वळून भिऱ्याला गेलो.

मुळेचं पाणी खरं तर पूर्वेचं. पुण्यात मुठेला, पुढे भीमेला, कृष्णेला मिळून ते बंगालच्या उपसागरात जायचं. धरणाने त्याला अडवलं, बोगद्यातून पश्चिमेकडे वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडलं. वीज करून ते कुंडलिकेत जातं, कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या होड्या त्यावर चालतात, आणि रेवदंड्याला ते अरबी समुद्राला मिळतं. मित्राने पुलाच्या कठड्यावर हात ठेवून हे सगळं समजावलं. आकडे त्याला तोंडपाठ होते. मग तो म्हणाला, "तीस वर्षं मी या उंचीला फक्त 'हेड' म्हणत आलो. खाली गावं आहेत, हे कोणी शिकवलंच नाही." कुंडलिका समोरून करड्या रंगाने भरभरून चालली होती.

परतीच्या वाटेवर त्या मावशींच्या वरच्या गावात गेलो. त्यांनी पडवीत बसवून तांदळाची भाकरी आणि करांदीचं कालवण वाढलं. कोपऱ्यात जातं होतं. तेच का, हे विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "त्येच." खुंटा नवा होता, वरची तळी झिजून पातळ झाली होती. मी हात लावला. जड होतं, माझ्याने जागचं हललं नाही.

पावसाळ्यात मुळशीला जाल तर पाणी दिसेल, आणि ते सुंदरच दिसेल. पण एकदा मे महिन्यात जा. पाणी खाली उतरलेलं असतं तेव्हा घरांची जोती उघडी पडतात, असं मावशी सांगतात. काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खालच्या गावाचं नाव विचारा, आणि ते लिहून घ्या.