मुक्काम पोस्ट तरवडी

जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. शहागडच्या पुलावरून नदीच्या उलट दिशेने वर निघालं की पैठण लागतं, नाथसागराचं पाणी लागतं आणि मग येतो नेवासे तालुका. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती इथे. याच तालुक्यातलं तरवडी मात्र छापील अक्षरामुळे ओळखलं जातं.

ही ओळख ज्यांच्यामुळे मिळाली त्या मुकुंदराव पाटलांचा जन्म १८८५ चा. वडील कृष्णराव भालेकर. १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र काढणारे सत्यशोधक. मुलगा तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेला. शेती आली, पाटीलकी आली. वडिलांचं वेड काही दत्तकविधानाने सुटलं नाही. १९१० साली मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केलं. आधी सोमठाण्यात, मग तरवडीत.

खेड्यात छापखाना! कागद, शाई, शिशाचे खिळे सगळं शहरातून आणायचं. जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून ओळ भरायची. ‘मित्र’ एवढासा शब्द घ्या: ‘म’च्या अगोदर ऱ्हस्व वेलांटी बसली पाहिजे, ‘त्र’चा खिळा निराळा, आणि डोळ्यांसमोर सगळं आरशात दिसावं तसं उलटं. बोटं शिशाने काळी. छपाई झाली की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात सोडायचे, कारण पुढच्या आठवड्याला तेच लागणार.

१९१३ मध्ये मुकुंदरावांचं ‘कुलकर्णी लीलामृत’ हे पुस्तक आलं. गावाने पोथी आयुष्यभर कानांनी ऐकलेली. मुकुंदरावांनी तोच साचा उचलला आणि त्यात देवाच्या जागी गावचं दप्तर सांभाळणारा कुलकर्णी बसवला. टीका बोचरी आहे, काही ठिकाणी एकांगीही वाटते. पण सातबाऱ्याच्या एका नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला त्यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. पुढे १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतनंच बंद केली.

वर्तमानपत्र म्हणजे शहरातून खेड्यात येणारी वस्तू, हीच तेव्हाची रीत. ‘दीनमित्र’चं टपाल उलट्या दिशेने निघे. मुकुंदराव १९६७ साली गेले, तोवर सत्तावन्न वर्षं हे चाललं. मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण अंकावर छापलंच पाहिजे, असा तेव्हा १८६७ चा कायदा होता. बाकीच्यांना ती ओळ म्हणजे नुसता सरकारी सोपस्कार. इथे तिच्यात मुंबई नव्हती, पुणं नव्हतं, तरवडी होती.