पऱ्हाटीवरचं भरीत

माळेगावचा खंडोबा आमचं कुळदैवत. त्यामुळे आषाढात चातुर्मास लागला की भोकरच्या घरात कांदा, लसूण, वांगं बंद. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की मगच वांगं ताटात यायचं. इतके महिने वाट पाहून आलेल्या त्या भरताची चव मला अजून कुठल्याच पक्वान्नात सापडलेली नाही.

आजी वांगं हातावर तोलून बघायची. आकाराच्या मानानं हलकं असेल तेच घ्यायचं. जड निघालं तर बियाच फार. सुरीनं टोचे मारून त्यात लसणाच्या पाकळ्या खुपसायची, वरून तेलाचा हात फिरवायची. चुलीत पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर उपटून ठेवलेल्या. पऱ्हाटी भरकन पेटते, विस्तव मात्र टिकत नाही, म्हणून वांग्यापासून हलता येत नसे. साल तडकली, देठाशी रस फुसफुसला, की काढून झाकून ठेवायचं. वाफेनं साल अलगद सुटते. मग त्याच विस्तवात भाजलेल्या मिरच्या, दाण्याचं भरड कूट, कांद्याची पात आणि वरून करडईचं कच्चं तेल. सोबत ज्वारीची भाकरी. भोकरहून तेलंगणातलं म्हैसा गाव जवळच, तिकडच्या तेलुगू घरांत भाजलेल्या वांग्यात चिंच पडते. तीही मला आवडते. खानदेशातही भरीत कपाशीच्या काड्यांवरच भाजतात. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

लग्नानंतर शहरात गॅस आला. मोठ्या आचेवर साल करपते आणि गाभा कच्चा राहतो, हे तिथं कळलं.

वडिलांना साखर निघाली तेव्हा मी पहिल्यांदा वांग्याकडे अन्न म्हणून नीट पाहिलं. कच्च्या वांग्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 92 ग्रॅम पाणी, 25 कॅलरी, 3 ग्रॅम तंतू. सालीच्या जांभळ्या रंगात नासुनिन, गरात क्लोरोजेनिक आम्ल. चिरलेली फोड काळी पडते ती त्याच्यामुळेच. गर स्पंजासारखा, तळला की तेल पितो. भाजला की मात्र आतली हवा-पाणी निघून तो बसतो, आणि तेल किती घालायचं ते आपल्या हातात राहतं. वडिलांच्या वाटणीच्या भरतावर मी चमचाभरच तेल घालायचे, पण करडईचंच.

लेक पुण्याला ओव्हनमध्ये 200 अंशांवर पाऊण तास वांगं भाजते. गर एकसारखा मऊ, गोडसर होतो. धूर नसतो, म्हणून ती मिरच्या तेवढ्या उघड्या जाळावर भाजून घेते. भोकरकडे आता पऱ्हाट्या बहुतेक शेतातच यंत्रानं बारीक करून मातीत मिसळतात. जमिनीसाठी ते चांगलंच. तरी चंपाषष्ठीपुरती एक मोळी मी भावाला बाजूला ठेवायला सांगते.