खाडा

कामतघर, भिवंडी
१२ जानेवारी २०२५

चि. बंड्यास,


तुझा निरोप मिळाला. पुढच्या महिन्यात आजीचं प्रथम पुण्यस्मरण. पेपरात फोटो द्यायचा, त्याखाली चार ओळी ताई तू लिही, आणि ‘शोकाकुल’मध्ये कोणाकोणाची नावं घालायची तेही कळव, असं म्हणालास. तीन रात्री बसले. ‘धार्मिक, मनमिळाऊ, कष्टाळू’ लिहिलं आणि खोडलं. तिन्ही शब्द खरे आहेत, पण त्यांत आजी कुठे दिसत नाही. म्हणून चार ओळींच्या जागी हे पत्र लिहिते आहे. पेपरवाल्याला यातलं काय द्यायचं ते तू बघ.

दिवाळीत माळा झाडताना तिच्या खानावळीच्या वह्या सापडल्या. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या. डाव्या बाजूला नावं माझ्या अक्षरात. दर महिन्याच्या एक तारखेला ती मला मांडीशी बसवून लिहून घ्यायची. पुढचं सगळं तिच्या हातचं. मुलगा जेवला की उभी रेघ, नाही आला की शून्य. कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करून ती रेघ ओढायची, म्हणून त्या रेघा अजून जांभळट दिसतात. पानांच्या कोपऱ्यांवर हळदीचे अंगठे आहेत. शून्याला ती ‘खाडा’ म्हणायची. तुला आठवत असेल, खाड्याचे पैसे पगाराच्या दिवशी वजा व्हायचे. पण वजाबाकी ही त्या शून्याची लहान बाजू. एखाद्यासमोर न सांगता दोन शून्यं लागोपाठ पडली की ती पदर खोचून त्याच्या खोलीवर जायची. ताप आलाय, दारू प्यायलाय, मालकाशी भांडलाय की गावाकडून वाईट तार आलीय, हे तिला तिथेच कळायचं. एवढ्या वर्षांत किती मुलांना तिने असं अंथरुणातून उठवून डॉक्टरकडे नेलं, ते वहीत कुठेच नाही.

खानावळ चालवायचं हे ती मुंबईत लालबागहून शिकून आली होती. आबा गिरणीत, दहा बाय बाराची खोली, आणि रत्नागिरीकडच्या गावच्या गाळ्यातली अठरा माणसं तिच्याकडे जेवायला. तेव्हा गिरणगावात खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. किराणा उधार, भांडी गहाण. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. त्या कर्जाच्या कागदासाठी आजी सही शिकली. नावाची अक्षरं तेवढी आली, पुढे ती शिकलीच नाही. पण बँकेत खुर्चीवर बसून सही केली हे ती मरेपर्यंत सांगायची, आणि सांगताना बसल्या जागी पाठ ताठ करायची.

मग १८ जानेवारी १९८२. डॉक्टर सामंतांच्या गिरणी संपाबद्दल पुस्तकांत खूप आहे, अडीच लाख कामगार, गिरण्यांचे भोंगे बंद. पण पगार बंद झाल्यावर खानावळीचं काय झालं, ते फारसं कोणी लिहीत नाही. अठरापैकी अकरा जण गावी गेले, सात राहिले आणि उधारीवर जेवले. आजीने मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. जे कापड गिरणीत निघायचं ते भिवंडीच्या मागांवर निघू लागलं, आणि त्या कापडाच्या मागे आबाही १९८३मध्ये इथे आले. युनियनचं कार्ड खिशात, आणि बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. आबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आजी मात्र म्हणाली, “माणसं आहेत ना इथं? मग ती जेवणारच.” आठ दिवसांत चूल पेटली.

तू सहा वर्षांचा होतास. शेडच्या मागची ती खोली तुला किती आठवते कोण जाणे. भिंतीला पाठ टेकली की लूमची थरथर पाठीत शिरायची. रात्री लाइट गेली की आवाज थांबायचा आणि त्या शांततेनेच आपण दचकून उठायचो. दिवसपाळी सुटली की मुलं यायची. कोणी आझमगढ-गोरखपूरकडचं, कोणी तेलंगणातलं. सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू. वीस-बावीस वर्षांची पोरं म्हाताऱ्यासारखी दिसायची. आजीने दारात बादली आणि टॉवेल ठेवला होता. आधी तोंड धुवायचं, मग पान. तोंड धुतलं की ती पोरं एकदम लहान व्हायची. तिला ते बघायला आवडायचं, ती पोळपाट सोडून बघत राहायची.

कोकणातली बाई, जिचं वाटण खोबऱ्याशिवाय होत नसे, तिने इथे येऊन वाटण बदललं. उत्तरेकडच्या मुलांना खोबऱ्याने जड वाटतं म्हणून एका पातेल्यात मोहरीचं तेल, तेलुगू मुलांसाठी दुसऱ्यात चिंच नि तिखट. “घर सोडून आलाय तो, जिभेला तरी घर मिळू दे.” आणि शुक्रवारी, लूम बंद असायचे त्या दिवशी, सगळ्यांना एकच जेवण: तिचं, खोबऱ्याचं. ते मुकाट्याने खायचे.

आपण मात्र शेवटच्या पंगतीला. याचा मला फार राग होता, आज लिहूनच टाकते. सुरमईचे मधले तुकडे त्यांच्या ताटात आणि आपल्याकडे डोकं-शेपूट. एकदा मी ताट सरकवून दिलं तर म्हणाली, “त्यांना पैसे मोजून आई मिळत नाही. तुला फुकटात मिळालीय. जेव.” मी तेव्हा रडत जेवले. आईसुद्धा यावरून तिच्याशी कितीदा तरी बोलली नाही. घर आधी की खानावळ आधी, हा त्या दोघींमधला वाद कधी मिटला नाही. मला वाटतं दोघीही बरोबर होत्या.

आता १९८४चं पान. मे महिना. भिवंडीत १९७०च्या शिवजयंतीला झालेल्या दंगलीच्या गोष्टी आपण शेजाऱ्यांकडून ऐकल्या होत्या. त्या मे महिन्यात आपणच त्यात सापडलो. संचारबंदी, धूर, आबा शेडमध्ये अडकलेले. वहीत त्या दिवसांत रेघा आहेत, कारण आसपासच्या खोल्यांतली मुलं मागच्या बोळातून येऊन भात-वरण घेऊन जायची. एकाच नावापुढे शून्य, शून्य, शून्य, शून्य. आझमगढचा जॉबर होता तो, मोमीन. दंगलीच्या आदल्या दिवशी निजामपुऱ्यात चुलत्याकडे गेलेला.

संचारबंदी दोन तास उठली तेव्हा आजीने डबा भरला आणि माझा हात धरला. आई दारात आडवी आली. आजी म्हणाली, “बाई नि पोर बघून कोणी हात उगारत नाही.” मी दहा वर्षांची. ते चालणं मला अजून पायांत आठवतं. बंद शटर, रस्त्यात काच, एका जळलेल्या शेडमधून सुताचा वास. जळलेल्या सुताला केसांसारखा वास नसतो, कागदासारखा असतो. निजामपुऱ्यात लोकांनी आम्हाला थांबवलं. तिने त्याचं नाव सांगितलं. एका म्हाताऱ्याने पुढे होऊन घर दाखवलं. तो बाहेर आला, हाताला फडकं गुंडाळलेलं. मला वाटलं आजी रडेल. ती म्हणाली, “चार दिवसांचा खाडा झालाय. सांगून जायचं असतं.” डबा त्याच्या हातात दिला आणि पाठ वळवली. परतीच्या वाटेत तिच्या तळहाताला इतका घाम आला होता की माझा हात सटकत होता.

पुढे १९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि मोहल्ला समित्या सुरू झाल्या. एका वस्तीतले हिंदू-मुसलमान आणि तिथला पोलीस एकत्र बसणार, भांडण नळाचं असो की मिरवणुकीच्या वाटेचं, तिथेच बोलून सोडवणार. आजी जायची. भाषण तिने एकदाही केलं नाही. पण कुठल्या खोलीत कुठल्या गावची किती मुलं राहतात, कोण नवीन आलंय, कोणाला कोणी भडकवतंय, हे तिला तोंडपाठ असायचं, आणि विचारलं तर ती सांगायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती, शेकडो माणसं गेली. दोन दंगलींचं नाव लागलेली भिवंडी मात्र शांत राहिली. यात समित्यांचा वाटा मोठा, हे सगळेच सांगतात. आपल्या आजीचा वाटा किती, ते मोजता येणार नाही. त्या दिवसांच्या पानांवर एकही शून्य नाही, एवढंच मी बघितलं.

मधली वर्षं सोडून देते; ती तू पाहिलीस, कांडी मशीनवर बसून अभ्यासही केलास. २०१२ला गुडघ्यांमुळे खानावळ बंद झाली. तेव्हा शेडही एकेक करून बंद पडत होत्या, माग भंगारात किलोवर जात होते, आणि मुलं माणकोली-दापोड्याच्या गोदामांत खोकी भरायला जाऊ लागली होती.

पण २०२०चं तुला नीट कोणी सांगितलं नसेल. तू तिकडे अडकलेला, आम्ही फोनवर सगळं ठीक म्हणायचो. २४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि लूम थांबले. आठवड्याने गल्लीतली मुलं पाणी पिऊन झोपायला लागली. आजी शहाऐंशीची. चालता येत नव्हतं. तिने खुर्ची ओट्याजवळ आणवली, ट्रंक उघडवली, कोरी वही काढली आणि माझ्या लेकीला म्हणाली, “नावं लिही.” खिचडीची पातेली पुन्हा चढली. शेजारणींनी डाळ-तांदूळ आणून दिले, पद्मानगरच्या बायकांनी चिंच-मसाला पाठवला. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली. ज्यांना तीत जागा मिळाली नाही ते नाशिक हायवेने पायी निघाले. तांदळाची भाकरी दुसऱ्या दिवशी दगड होते, म्हणून तिने दशम्या करायला लावल्या, दुधातल्या, आणि लसणीची सुकी चटणी. प्रत्येक पुडीबरोबर एकच वाक्य: “पोचलास की कळव.” कित्येकांनी कळवलं. ज्याचा फोन आला त्याच्या नावापुढे तिने रेघ ओढली. चार नावांपुढे शून्य तसंच राहिलं. शेवटच्या आजारात ती त्या चौघांबद्दल विचारायची.

म्हणून ‘शोकाकुल’चं असं कर. बाबा, आई, काका, काकू, आत्या, आपण सगळे, नातवंडं-पतवंडं. आणि खाली एक ओळ: ‘खानावळीत जेवून गेलेली सर्व मुलं’. पेपरवाला म्हणेल, असं छापत नाहीत. जागेचे पैसे जास्त पडले तर मी देते.

अजून एक. ट्रंकेत सगळ्यात वर एक पातळ वही होती. पहिल्यांदा मला कळेना, खानावळ तर कधीच बंद झालेली. आत फक्त घरची नावं, माझ्या लेकीच्या अक्षरात. आबा गेल्यावर तिने ती सुरू केली असावी. रोज रात्री कोण जेवलं याच्या रेघा. सगळ्यात खाली तुझं नाव आहे. तिथे रोज शून्य. तू सुट्टीवर यायचास तेव्हा पंधरा-वीस रेघा, मग पुन्हा शून्यं, पानंच्या पानं. शेवटची काही वाकडी, ओळीबाहेर गेलेली आहेत. मी फोटो काढून पाठवणार होते, पण ते फोनवर बघू नकोस. इथे येऊन बघ.

तिकीट झालं की कळव. विमान सकाळचं असेल तर वाटेत काही खाऊ नकोस, मी जेवायची थांबते.

तुझी,
ताई